हेपूंनी शिकवलेली खाच

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. तिच्या अकराव्या पानावर पेन्सिलीने काढलेलं बांबूच्या नळीचं चित्र आहे आणि बाजूला मापं आहेत: एक वीत, चार बोटं, अंगठ्याचं अर्धं पेर. सेंटिमीटर कुठेच नाहीत, कारण ज्यांनी ती मापं सांगितली ते हातानेच मोजायचे. मध्यंतरी हे पान पुन्हा उघडावं लागलं, आणि उघडल्यावर दोन दिवस मन दुसरीकडे लागलं नाही. म्हणून हे लिहितोय.

२००६ ते २००८ या काळातले दोन हिवाळे मी मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यात काढले. चुराचांदपूर शहराला तिथले लोक लाम्काच म्हणतात. माझं काम उंदरांचं. शेतातले उंदीर, त्यांची बिळं, त्यांची पैदास, त्यांचा बंदोबस्त. त्या वर्षांत त्या डोंगरांत मौताम आला होता. मौ म्हणजे बांबू, ताम म्हणजे मरणं. मेलोकाना बॅक्सिफेरा नावाचा हा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलतो, आणि फुलतो तो डोंगरच्या डोंगर एकदम. मग फळं धरतात, पेरूएवढी, गरदार, आणि बांबू उभ्या उभ्या वाळून जातो. जमिनीवर फळांचा खच पडला की उंदरांना सुगी येते. फळं संपली की ते सगळे झूम शेतातल्या, म्हणजे डोंगरउतारावर रान जाळून केलेल्या फिरत्या शेतातल्या, भातावर उतरतात. १९५८-५९ साली शेजारच्या मिझो डोंगरांत याच उंदरांनी दुष्काळ आणला. त्या दुष्काळात मदतीसाठी उभी राहिलेली संघटना पुढे १९६६ च्या सशस्त्र उठावापर्यंत गेली. एका गवताच्या फुलण्याने एवढं घडलं.

मी राहायचो हेंगलेपच्या बाजूच्या एका कुकी गावात, थाडौ भाषा बोलणाऱ्या एका आजोबांकडे. त्यांना सगळे ‘हेपू’ म्हणायचे, म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणू लागलो. आजींना ‘हेपी’. हेपू तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते आणि मागच्या मौतामच्या वेळी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. म्हणजे ज्या संकटावर मी पुस्तकं वाचून आलो होतो, ते त्यांनी एकदा अंगावर घेतलेलं होतं. आमच्यात हिंदी तुटपुंजी, इंग्रजी त्याहून कमी. मध्ये त्यांचा दहावीतला नातू दुभाष्या.

माझ्या सामानात झिंक फॉस्फाइड होतं. तांदळाच्या कणीला तेल लावून त्यात मिसळायचं आणि बिळांपाशी ठेवायचं, ही माझी नेहमीची रीत. पहिल्याच संध्याकाळी हेपूंनी डबा हातात घेतला, वरची कवटीची खूण बघितली आणि नातवाकडून विचारवलं, “यानं मेलेला उंदीर माझ्या कुत्र्यानं खाल्ला तर?” मी म्हटलं, कुत्रा मरेल. “डुकरानं खाल्ला तर?” तेच. मग ते शांतपणे म्हणाले, “आणि मी खाल्ला तर?” त्या डोंगरांत रानउंदीर खातात. चुलीवर धुरी देऊन ठेवतात, भाजीत घालतात. पीक उंदरांनी खाल्लं तर निदान उंदीर तरी घरात यावा, हा त्यांचा हिशोब मला आजही चोख वाटतो. विषाने तो हिशोबच मोडत होता. डबा मी ट्रंकेत ठेवला तो परत निघेपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे हेपू अंगणात बांबू घेऊन बसले.

तो सापळा असा. बांबूचं एक कांडं घ्यायचं, वीतभर लांब, मागची गाठ शाबूत, पुढचं तोंड उघडं. मागच्या टोकाला वेताच्या पट्टीने एक कामटी घट्ट बांधायची. कामटी वाकवून तिचं टोक नळीच्या तोंडावर आणलं की ती धनुष्यासारखी ताणते. त्या टोकाला दोन दोऱ्या. एक दोरी तोंडाजवळच्या छिद्रातून आत जाते आणि आत तिचा फास असतो, नळीच्या आतल्या भिंतीला कोरलेल्या बारीक चरात बसवलेला, म्हणजे उंदराच्या मिशांना तो लागत नाही. दुसरी दोरी आखूड, तिला एक खुंटी. ही खुंटी वरच्या दुसऱ्या छिद्रातून आत उतरते आणि आतल्या आमिषाच्या काडीच्या खाचेत अडकते. फासापासून आमिषापर्यंतचं अंतर चार बोटं. का, तर उंदराचं नाक आमिषाला लागतं तेव्हा त्याची मान बरोबर फासात असते. उंदराने काडी ओढली की खुंटी सुटते, कामटी उसळते आणि फास वर खेचला जातो. क्षणाचं काम. जनावर तडफडत राहत नाही, याकडे हेपूंचं फार लक्ष होतं. तडफडणारा उंदीर दोरी कुरतडतो हे एक कारण, पण तेवढंच नव्हतं. एकदा माझ्या सापळ्यात एक उंदीर कमरेत अडकून रात्रभर जिवंत राहिला. हेपूंनी तो सोडवून मारला, मग माझा सापळा हातात घेऊन चार बोटांच्या जागी मी धरलेली पाच बोटं मला दाखवली. काही बोलले नाहीत. मला ते पुरलं.

सगळी करामत त्या खाचेत आहे. कामटीचा ताण खुंटीला वर ओढत असतो, तेवढ्याने ती सुटता कामा नये. पण उंदराने काडी जराशी तोंडाकडे ओढली की सुटली पाहिजे. म्हणजे एका दिशेला पक्की आणि दुसऱ्या दिशेला हलकी. हेपू खाच कापायचे ती सुरीच्या तीन फटक्यांत. आधी तिरका, मग आडवा, मग कपचा उडवायचा. नंतर अंगठ्याची कड त्यावरून फिरवायची. कुठे कूस लागला तर पुन्हा एकदा. मग सापळा लावून त्यात वाळलेल्या गवताची काडी सारायची आणि आमिष नुसतं हलवायचं. गवताच्या काडीने सुटला तर सापळा पास. बोटाने ढकलावं लागलं तर खाच पुन्हा. मी एका दिवसात चार सापळे केले, त्यांतले दोन नापास झाले. हेपूंचे दुपारपर्यंत बारा झाले होते आणि मध्ये ते दोनदा चहाला उठले होते.

बांबूबद्दल मी तिथे जे शिकलो ते मला कुणी शेतकी कॉलेजात सांगितलं नव्हतं. ताज्या बांबूची कामटी पहिल्या दिवशी जोरात उसळते, पण रात्रभर वाकवून ठेवली की सकाळी सैल पडलेली असते. म्हणून कामटीचा बांबू तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला, आणि निदान एक हिवाळा चुलीवर धुरात ठेवलेला. त्या घरांत चुलीच्या वर दोन मजली टांगता माळा असतो. खालच्या मजल्यावर मांस, मासे, मिरच्या, वर बियाणं आणि बांबू. धुराने तो काळा तुकतुकीत होतो, त्याला भुंगा लागत नाही आणि ताण टिकतो. आणि त्या वर्षी तर अडचण अशी, की रानातला बहुतेक बांबू फुललेला. फुललेल्या बांबूतला जीव गेलेला असतो, वाकवला की मोडतो. हेपूंनी मौतामची चाहूल लागताच, दोन वर्षं आधी, चांगला बांबू तोडून माळ्यावर भरून ठेवला होता. लोकांनी धान्य साठवलं, त्यांनी कामट्या साठवल्या.

शेताच्या कडेने पालापाचोळा आणि बांबूच्या काड्यांचं गुडघाभर कुंपण घालायचं आणि त्यात काही वावांवर एक मोकळी फट ठेवायची. उंदीर कुंपणावर चढण्यापेक्षा कडेकडेने चालतो आणि फट शोधतो. प्रत्येक फटीत एक सापळा. हे मी आधी पाहिलं असतं तर माझ्या अहवालांतली निम्मी पानं लिहिली नसती. फासाला थाडौत ‘थांग’ म्हणतात, आणि पक्ष्यांसाठी, कोंबड्यांसाठी, मोठ्या जनावरांसाठी त्याचे वेगवेगळे प्रकार होते. वाकवलेल्या रोपट्याचा फास, ओंडका पडणारा सापळा. हे सगळे मी ऐकले, काही नमुने बघितले, लावलेले मात्र पाहिले नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सगळं बंद झालेलं आहे आणि ते बंद झालं हे योग्यच झालं. हेपूंचंही तेच मत होतं. त्यांच्या लहानपणी सकाळी धनेशाच्या पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा, आता वर्षात एकदाही येत नाही, असं ते सांगायचे. उंदीर मात्र त्या वेळी कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी प्राण्यांत होता. त्यामुळे त्यांच्या हातातली कला तेवढ्या एका जनावरापुरती उरली होती.

त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर कवट्यांची एक रांग होती. रानडुक्कर, सांबर, एक अस्वल. सगळ्या त्यांच्या वडिलांनी मारलेल्या. धुराने तपकिरी पडलेल्या. त्यांच्या वडिलांनी ‘सा-आय’ केला होता. मोठं, धोक्याचं जनावर मारणाऱ्याने करायचा हा विधी. मिथुन, म्हणजे गव्यासारखं तिथलं पाळीव जनावर, कापायचा, तांदळाची दारू, सगळं गाव जेवायला. त्यामागची समजूत अशी: मेलेल्या माणसाचा आत्मा मिथिखोला, मृतांच्या गावाला निघतो, वाटेत कुलसामनू नावाची बाई आत्म्यांना छळते, पण ज्याने सा-आय केला त्याच्या वाटेला ती जात नाही. १९१० च्या सुमारास मिशनरी त्या भागात आले आणि पुढच्या काही दशकांत हे सगळं मागे पडलं. हेपू स्वतः रविवारी न चुकता चर्चला जाणारे. तरी कवट्या त्यांनी उतरवल्या नाहीत. नाताळच्या आधी घर झाडताना ते एकेक कवटी ओल्या फडक्याने पुसताना मी पाहिलेत.

शिकारीचं मांस वाटण्याचे नियम त्यांना तोंडपाठ होते. मागच्या एका पायाचा वाटा गावच्या मुखियाचा, हाओसाचा. त्याला ‘सामाल’ म्हणायचं. पाठीच्या कण्यालगतचं मांस म्हणजे ‘सातिंग’, ते कुळातल्या वडीलधाऱ्याला. मारणाऱ्याच्या हातात शेवटी काय उरायचं असं मी विचारलं तर हेपू म्हणाले, “डोकं. आणि नाव.” भिंतीवर डोकी का, ते मला त्या दिवशी कळलं.

गावात लोहार होता, ‘थिखेंगपू’. सगळ्या गावाची अवजारं तो करायचा आणि सुगीनंतर घराघरातून त्याला भात मिळायचं. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच. मी पाहिला तो त्या जागेवरचा शेवटचा असावा. त्याचा भाता मला फार आवडला होता. शेजारी शेजारी उभे दोन लाकडी नळे, आत दांड्यांना पिसांचे बोळे, आणि एक पोरगा मध्ये बसून दोन्ही हातांनी एक दांडा वर, एक खाली असं चालवतोय. वाऱ्याला खंड नाही. लोखंड म्हणजे जीपचा मोडलेला पाटा. पाट्याच्या पोलादाला धार चांगली टिकते हे त्याला पक्कं माहीत होतं. ‘चेम’, म्हणजे कोयता, त्याने माझ्यासमोर केला. धारेला पाणी देताना सबंध पातं बुडवलं नाही, फक्त कड, आणि तीही थरथरवत. पाठीकडचा भाग मऊ राहिला पाहिजे, नाहीतर बांबूच्या गाठीवर मारताच पातं तुटतं. मुठीत शेपूट तापवून ठोकलं, त्यावर वेताचं कडं. तो चेम मी विकत घेतला होता. आजही मी नारळ त्यानेच सोलतो.

एकदा पाऊस होता, शेतावर जायचं नव्हतं, तेव्हा हेपूंनी माळ्यावरून एक धनुष्य काढलं. बाण नव्हते. प्रत्यंचा दुहेरी, दोन्ही दोऱ्यांमध्ये बोटभर अंतर राखायला बांबूची छोटी आडकाठी, आणि मधोमध दोऱ्यांतच विणलेला एक छोटा खळगा. त्या खळग्यात मातीची वाळवलेली गोळी ठेवायची आणि ताणून सोडायची. मी ओरडलोच, “ही तर गलोल!” आपल्या मराठीत गलोल शब्द आता बेचकीला वापरतात, रबराच्या. मुळात गलोल म्हणजे हेच, गोळ्या मारायचं धनुष्य. जुन्या शब्दातली वस्तू मला तिथे, मणिपूरच्या डोंगरात, पहिल्यांदा हाताला लागली. ती चालवण्यात एक मेख आहे. सोडण्याच्या क्षणी धनुष्य धरलेलं मनगट बाहेर वळवावं लागतं, नाहीतर गोळी स्वतःच्याच अंगठ्यावर बसते. माझ्या बसली. नख काळं पडलं आणि दोन आठवडे लेखणी धरताना दुखत राहिलं. हेपींनी त्यावर पाल्याचा लेप बांधला आणि हेपूंना चांगलंच सुनावलं. हेपूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. रात्री त्यांनी मला मनगट कसं वळवायचं ते गोळीशिवाय पन्नास वेळा करायला लावलं.

थाडौत बाणाला ‘थाल’ म्हणतात आणि बंदुकीला ‘मेइथाल’. मेइ म्हणजे आग. आगीचा बाण. चकमकीच्या बंदुका त्या डोंगरांत ब्रह्मदेश आणि बंगालच्या वाटांनी आल्या आणि धनुष्य मागे पडलं. त्या बंदुकांसाठी दारू ठेवायला मिथुनाचं शिंग वापरत. हेपूंकडे तसं एक होतं. आतून पोखरून कागदाइतकं पातळ केलेलं, उजेडासमोर धरलं की मधासारखं दिसायचं. बुडाला लाकडाचं बूच, निमुळत्या टोकाला छोटं छिद्र. १९१७ साली फ्रान्सच्या लढाईत मजूर म्हणून कुकींची भरती करायला इंग्रज आले, तेव्हा मुखियांनी नकार दिला. जळतं लाकूड आणि मिरची, ‘थिंगखो ले मालचा’, हा युद्धाचा निरोप गावोगाव फिरला आणि १९१९ पर्यंत लढाई चालली. त्या लढाईत कुकींनी कातड्याच्या तोफा केल्या, त्यांना ‘पुम्पी’ म्हणतात. जाड कातड्याची नळी, वरून पट्ट्यांनी आवळलेली. हेपूंच्या वडिलांनी ती पाहिली होती. एवढ्या मोठ्या साम्राज्यापुढे कातड्याची तोफ घेऊन उभं राहणं, हा विचार मनात आला की मला अजूनही गलबलतं. पण त्या तोफेतही मला हेपूंचाच हात दिसतो: ओलं असताना गुंडाळायचं, सुकताना आवळायचं, घरात जे आहे त्यातूनच करायचं. लढाईनंतर इंग्रजांनी गावोगावच्या बंदुका काढून घेतल्या. शिंग कसं वाचलं विचारलं तर हेपू म्हणाले, त्यांच्या आजीने त्यात मीठ भरून चुलीपाशी टांगलं होतं.

मी २००८ च्या मार्चमध्ये निघालो. हेपू २०१४ ला गेले. नातू इंफाळला नोकरीला लागला, तिथेच घर केलं. धनुष्य आणि शिंग त्याने आपल्याकडे नेलं होतं, दिवाणखान्यात लावलेल्याचा फोटो मला पाठवला होता.

३ मे २०२३ नंतर मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी समाजांत जो हिंसाचार झाला तो सगळ्यांनी वाचलाय. २०० हून अधिक माणसं गेली, ६० हजारांच्या आसपास लोकांना घर सोडावं लागलं, दोन्हीकडची घरं जळली. नातवाचं घर त्यांत गेलं. तो बायकामुलांना घेऊन लाम्काला एका मदत छावणीत पोचला हे मला जूनमध्ये कळलं. त्याआधीचे काही आठवडे मी रोज त्याचा नंबर लावत होतो.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. धनुष्याबद्दल, शिंगाबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तो म्हणाला, काका, छावणीत तांदळाच्या गोण्या आहेत आणि उंदीर फार झालेत. लहान मुलं जमिनीवर झोपतात, विष ठेवता येत नाही. तुमच्या वहीत हेपूंचा सापळा आहे ना?

मी अकरावं पान काढलं, फोटो पाठवला, आणि फोनवर मापं वाचून दाखवली. एक वीत. चार बोटं. अंगठ्याचं अर्धं पेर. पलीकडून तो एकेक माप थाडौत मोठ्याने म्हणत होता, आजूबाजूला आणखी कुणीतरी असावं.

चार दिवसांनी त्याने फोटो पाठवला. छावणीच्या सिमेंटच्या ओट्यावर ओळीने सात सापळे. खाली लिहिलं होतं की पहिले दोन सुटलेच नाहीत, कितीही ओढलं तरी. मग त्याच्या लक्षात आलं. तुम्ही हेपूंच्या समोर बसून चित्र काढलंत, ते नळीचं तोंड स्वतःकडे धरायचे. तुम्ही नळी फिरवलीत, पण खाच फिरवायची राहिली. ती उलट्या दिशेला हवी.

मी पेन्सिल घेतली आणि पंधरा वर्षांनी ती खाच खोडून नीट काढली.